पुलावरचं कासव आणि आमचे व्याही

२०२४ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माणसाची एकही तऱ्हा आता बघायची राहिलेली नाही अशी माझी पक्की समजूत होती. फक्त आमचे व्याही कुठल्याच तऱ्हेत बसत नव्हते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत आख्खा नगर जिल्हा पालथा घाला, असा दुसरा माणूस सापडला तर मी माझी थापी त्याच्या पायाशी ठेवीन. आणि मी थापी सहजासहजी खाली ठेवणाऱ्यांतला नाही. धंद्यानं गवंडी, पन्नास वर्षं विहिरी बांधल्या. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या बांधकामातला एक दगड हलला असं काष्टीच्या पंचक्रोशीत कुणी म्हणून दाखवावं. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, राहणार देवळाली प्रवरा. ते मॅट्रिक झालेले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसून उसाच्या गाड्यांचे नंबर लिहिलेले. त्यांची ती मॅट्रिक मला सोयरीक जुळल्यापासून कुसळासारखी टोचत आलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

व्याह्यांचा पहिला नेम असा की कुठलीही गोष्ट पहिल्या अक्षरापासून सुरू करायची आणि मधलं काही गाळायचं नाही. लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा त्यांनी ती उभ्यानं मोठ्यांदा वाचली, अगदी खालच्या कोपऱ्यातल्या छापखान्याच्या नावापर्यंत, आणि मगच पाणी प्यायले. आमच्या लेकीनं सासरी नवा कुकर नेला, तर त्याच्याबरोबरचा माहितीचा कागद पुरा वाचून झाल्याशिवाय त्यांनी विहीणबाईंना तांदूळ टाकू दिले नाहीत. त्या दिवशी घर चार वाजता जेवलं. दुसरा नेम, समोर येईल त्याचं गाव विचारायचं आणि कुठून तरी नातं लावायचं. मोबाईलमधून बाईचा छापील आवाज येतो ना, 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारा, तिलाही हे विचारणार, "ताई, तुमी कंच्या गावच्या?" आणि उत्तर येईना की आम्हाला सांगणार, "लाजती बिचारी." मोबाईलला धूळ लागू नये म्हणून व्याही तो स्टीलच्या गोल डब्यात, चष्म्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. फोन आला की पिशवीतला डबा थरथरायचा आणि एसटीतली माणसं पाय वर घ्यायची.

तिसरी गोष्ट शेळीची. काष्टीच्या बाजाराला ते शेळी बघायला येत. देवळालीहून नगर, नगरहून काष्टी, दोन गाड्या बदलून. गेली अकरा वर्षं बघताहेत. एकीचे कान लांब, एकीची नजर खोटी, एक तर म्हणे त्यांच्याकडे बघून हसली. शेळी कधी घेतली नाही. बाजार फिरून झाला की आमच्या ओट्यावर बसायचं, आमच्या मंडळींच्या हातचा चहा घ्यायचा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एकदा म्हणालो, "व्याही, तुम्हाला शेळी दाखवन्यापरीस तुम्हालाच बोकडाच्या जन्माला घालून शेळ्यांना दाखवायला पायजे." ते म्हणाले, "दाखवा की. पन आधी गाव विचारा म्हनावं."

आता जे सांगायचं आहे ते माझ्या नातीचं. लेक-जावई सावेडीत फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची मुलगी, सई. आम्हा दोघा म्हाताऱ्यांची मिळून एकच नात. लहानपणापासून दर रविवारी सकाळी मला फोन करणारी. आदल्या दिवाळीत आम्ही सगळे सावेडीत जमलो होतो. तिनं भरल्या घरात सांगितलं की बारावी झाली की ती पुण्याला जाणार, चित्रकला शिकायला, मोबाईलवरच्या खेळांतली माणसं, डोंगर, घरं काढतात ते काम करायला. लाडू हातात होता माझ्या. तो खाली ठेवून मी बोललो, "भिंतीवर चित्रं काढनाऱ्याला आमी चुना देतो, मान न्हाई देत." दोघं-तिघं हसले. ती हसली नाही. उठून आत गेली, आणि त्या रविवारपासून फोन बंद झाला. मी करायचा? मी का करायचा? मोठा कोण, मी का ती? असे रविवार मोजत मोजत मे महिना आला.

मे महिन्यातल्या एका बाजारी व्याह्यांनी चहा संपवला, डबा उघडला, आणि म्हणाले, "पाव्हनं, तुमचा मोबाईल आना. एक गोष्ट सुरू करायची हाय." गोष्ट म्हणजे जपानचा खेळ. सई खेळते तो. त्यात एक पोरगी असते, तिचं गाव सगळे लोक विसरून गेलेले असतात, आणि ती कंदील घेऊन ते शोधायला निघते. वाटेत राक्षस, पऱ्या, बोलणारी जनावरं. मी म्हणालो, "मला काय करायचंय?" ते म्हणाले, "मला एकट्याला जमना. संगतीला कुनी तरी लागतं." हे मात्र मला बरं वाटलं. मॅट्रिकवाल्याला चौथीवाल्याची गरज पडली.

सुरू करणं काही सोपं नव्हतं. खेळ इतका मोठा की माझ्या मोबाईलमध्ये मावेना. मंडळींची भजनं काढावी लागली, आणि त्यांनी दोन दिवस माझ्याशी धड भाषण केलं नाही. मग खेळानं नाव विचारलं. मी सांगितलं, माझं, वडिलांचं, आडनाव, मुक्काम पोस्ट काष्टी, तालुका श्रीगोंदा. व्याही म्हणाले, "बाराच अक्षरं बसत्यात." मी म्हणालो, "मग खेळ ऱ्हाऊ द्या. बापाचं नाव गाळून मी कुठं जात न्हाई." तासभर वाद झाला. शेवटी मंडळी आतून ओरडल्या, "गवंडी लिवा अन् मोकळे व्हा!" व्याह्यांनी एका बोटानं टकटक करत इंग्रजीत 'गवंडी' लिहिलं, न चुकता. मी मनात म्हटलं, शेवटी मॅट्रिक ती मॅट्रिक.

मग एक चमकता दगड येतो. त्यावर बोट ठेवलं की तो फुटतो आणि आतून आपल्या संगतीला कुणीतरी बाहेर पडतं. कुणाला म्हणे आगीचा घोडा मिळतो, कुणाला तलवारीची राणी. आम्हाला छत्री धरलेला बेडूक मिळाला. मी म्हणालो, "हे नगं, दुसरं काढा." पुन्हा काढायची सोय होती तिथं. पण व्याही ऐकेनात. "घरी आलेलं मानूस हाय, पाव्हनं. तोंडावर माघारी धाडायचं का?" आणि बेडकाला हात जोडून, "या, बसा. गाव कंचं?"

पुढं गोष्ट सुरू झाली. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येत आणि व्याही त्यांची मराठी करून सांगत. कोपऱ्यात एक बाण होता. तो दाबला की गोष्ट गाळून थेट लढाईवर जाता येई. व्याह्यांनी त्याच्या आड हात धरून ठेवला, पोथी वाचताना मधनंच उठू पाहणाऱ्याला दटावतात तसा. आणि पहिला अध्याय आला तो पुलापाशी. पलीकडं डोंगर, अलीकडं ती कंदीलवाली पोरगी, आणि मधल्या दगडी पुलावर एक म्हातारं कासव, पाठीवर शेवाळलेलं देऊळ घेऊन आडवं उभं. ते म्हणतं, जाऊ नको, पूल धड नाही, पडशील. आता पोरीच्या हातून कासवाला तीन फटके मारायचे. पहिल्याच लढाईत कसं खेळायचं ते शिकवतात. कासव म्हातारं, फटके खाऊन हटतं. पोर पुढं जाते, असं व्याह्यांनी सांगितलं.

मी मोबाईल डोळ्यांपाशी नेला आणि पूल बघितला. चित्र कुणी काढलं असेल ते असो, पण कमानीच्या मधोमध जो दगड सगळ्यांना धरून ठेवतो, तोच नव्हता. तिथं नुसतं भगदाड. मी म्हणालो, "कासवाचं बरोबर हाय."

"असंल. पन मारल्याबिगर खेळ पुढं जात न्हाई."

"मग नगं जाऊ दे. पन्नास वर्षं कमानी बसवल्यात मी. ह्या पुलावनं शेळीसुदिक जानार न्हाई. खरं बोलनाऱ्या म्हाताऱ्याला मी मारत न्हाई."

ते हसले नाहीत. मोबाईल फडक्यात गुंडाळून मला परत दिला आणि शेळी बघायला गेले. पुढचा बाजार आला. तेच कासव, तोच पूल, तोच मी. मधल्या आठवड्यात मी रोज दुपारी तो खेळ उघडत होतो आणि बघत बसत होतो. पोरगी कंदील घेऊन उभी असायची. कासव आडवं असायचं. कुणीच काही करत नसे. मंडळी भांडी घासता घासता एकदा म्हणाल्या, "तुमी आन् तुमचं कासव. दोघं बसा असेच." मला त्या बोलण्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

जूनच्या तिसऱ्या बाजारी व्याही आले ते शेळ्यांकडं न जाता थेट ओट्यावर. चहा निम्मा असतानाच म्हणाले, "परवा सोमवारी सई पुन्याला निघाली. सामान बांधून झालंय." मी मोबाईल उचलून कासवाचा पूल उघडला. ते म्हणाले, "पाव्हनं, तीन फटके. मग काय हुतंय ते बघा तरी. अध्याय अर्धा टाकून उठू ने."

मी बोट ठेवलं. एक, दोन, तीन. कासव खाली बसलं. पडदा पांढरा झाला आणि मधोमध एक गोल गरगर फिरायला लागला, नेट कमी असलं की फिरतो तसा. आणि त्या कोऱ्या पडद्याकडे बघत व्याही सांगू लागले, "कासव म्हनतं, इतकी वर्षं मी समद्यांना पूल पडंल म्हनून आडवत आलो. पन तू निघालीस कुठं, हे इचारायचंच ऱ्हायलं. सांग बाई, कुठं निघालीस?"

गोल अजून फिरत होता. अक्षर एक नव्हतं.

"व्याही," मी म्हणालो, "तुमाला इंग्रजी येतं का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गाड्यांच्या नंबरापुरतं येतं. अक्षरं वळखतो. त्याच्या म्होरं न्हाई."

"मग ही गोष्ट?"

"सावेडीला जाऊन पोरीकडनं आयकली. तीनदा आयकली. मग एसटीत पाठ केली."

"तिला सांगितलं, कुनासाठी ते?"

"न्हाई. आन् तिनं इचारलंबी न्हाई. पन तिसऱ्या वक्ताला लई सावकाश सांगितलं तिनं. लिवून घेनाऱ्याला सांगत्यात तसं."

इतक्यात पडदा उजळला. पोरगी काहीतरी बोलत होती, खूप वेळ, ओळीमागून ओळी, आणि कासव ऐकत होतं. मग ते उठलं, हळूहळू पुलाच्या मधोमध गेलं आणि कमानीतल्या त्या भगदाडात जाऊन बसलं. पाठीवरचं देऊळ वर, बाकी अंग दगडांत रुतलेलं. पोरगी त्याच्या पाठीवरून पलीकडं गेली. मी पुन्हा मोबाईल डोळ्यांपाशी नेला. बसलं होतं. गवंडी म्हणून सांगतो, अगदी जिथं बसायला हवं तिथंच बसलं होतं. आता त्या पुलावरून उसाची गाडी गेली असती.

ते चित्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यात काही शंका नाही. पण कासवाच्या तोंडचे ते शब्द खेळातलेच होते, का सईनं सांगताना घातले, का व्याह्यांनी देवळाली ते काष्टी येताना एसटीत रचले, हे मला आजतागायत ठाऊक नाही. कुणाला विचारलंही नाही. विचारून काय मोठा फरक पडणार होता? मॅट्रिक झालेला तो माणूस आपल्याला इंग्रजी येत नाही हे माझ्यापुढं एकदाच कबूल करून गेला, आणि त्या दिवसापासून माझं ते कुसळ कुठं गळून पडलं ते कळलं नाही. अलीकडं गुडघ्यांमुळे त्यांना दोन गाड्या बदलणं होत नाही. बाजाराच्या दिवशी मीच ओट्यावरून शेळ्या बघतो, आणि फोन लावून सांगतो, "आज एक पांढरी आल्ती. पन नजर खोटी." पलीकडून डब्याचं झाकण काढल्याचा आवाज येतो, मग ते म्हणतात, "ऱ्हाऊ द्या मग. गाव कंचं तिचं?"

त्या दिवशी मात्र ते संध्याकाळच्या गाडीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, मी पहिल्या गाडीनं नगरला निघालो. सावेडीला रिक्षातून उतरलो तेव्हा आठ वाजले होते. दार सईनंच उघडलं. मागं दोन बॅगा बांधून ठेवलेल्या दिसत होत्या. वाटभर पाठ केलेलं सगळं विसरून मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि म्हणालो, "कुठं निघालीस, बाई?" तिला माहीत होतं की मला माहीत आहे. तरी ती पहिल्यांदाच सांगितल्यासारखी म्हणाली, "पुण्याला, आबा. चित्रकला शिकायला." मी चपला काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसलो, आणि तिला म्हणालो, "मग एक कागद आन. त्या पुलाची कमान काढनाऱ्यानं जरा चुकवलीय, ती कशी असती ते तुला काढून दावतो."