रंगाच्या कारखान्यातलं गरम पाणी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होते. कारखान्यांना कमी इंधन खाणारे बॉयलर निवडून द्यायचे, हा आमचा धंदा. बेलापुरात त्या काळी माणसांपेक्षा इमारती जास्त होत्या आणि चहाची टपरी शोधायला रिकामे रस्ते तुडवावे लागत. ऑफिसात मी एकटी बाई. त्यामुळे साइटवर पाठवायची वेळ आली की साहेबांना माझी काळजी वाटे आणि फायली लावायची वेळ आली की ती काळजी कुठल्या कुठे पळे.

त्याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आला. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. आम्ही घामाघूम होऊन काम करायचो आणि त्याला मात्र स्वतंत्र एसीची खोली. आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. त्यात एक 'एक्स्पर्ट' प्रोग्रॅम होता. जाणत्या बॉयलरवाल्यांना विचारून विचारून त्यांचे आडाखे त्यात भरले होते. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तो एकेक प्रश्न विचारायचा, आपण उत्तर द्यायचं आणि शेवटी कोणतं यंत्र घ्यावं ते तो सांगायचा. एखादा प्रश्न कशासाठी, असं आपण उलट विचारलं तर त्याचंही कारण द्यायचा. मला हे फार आवडे. ऑफिसात दुसरं कुणी मला 'का'चं उत्तर देत नसे.

रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथे लाल रंगाची पूड बनायची. ओला रंग वाफेवर तापणाऱ्या कपाटांत वाळवायचा आणि मग बायका तो दळून पोत्यांत भरायच्या. बॉयलर जुना होता आणि तेल ढोसायचा, म्हणून मालकांना नवा हवा होता. माझे दोन सहकारी जाऊन माहिती घेऊन आले होते. वाफ कपाटांच्या नळ्यांतून फिरून निवली की तिचं पाणी होतं, स्वच्छ आणि चांगलं कढत. ते पाणी कुठे जातं, या प्रश्नाला प्रोग्रॅमला तीन उत्तरं चालत: बॉयलरमध्ये परत जातं, वाया जातं, माहीत नाही. सहकाऱ्यांनी 'वाया जातं' असं लिहून आणलं होतं. मालकांनी तसं सांगितलं होतं आणि नळी भिंतीतून मागच्या गटाराकडे गेलेली त्यांना दिसलीही होती. फक्त पाणी किती गरम आहे ते मोजायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी मला पाठवलं.

मी पोचले तेव्हा पाळी सुटत होती. बॉयलरवरच्या गावकरी माणसाला म्हटलं, मला भिंतीमागे जायचंय. तो जरा घुटमळला.

"जावा मॅडम," तो म्हणाला. "तिकडं बायकांचं हाय. आमी कोन जात नाय."

भिंतीमागे पत्रे आणि गोणपाट लावून आडोसा केलेला होता. नळीखाली पिंप होतं, आणि पिंपाभोवती पाचसहा बायका आंघोळ करत होत्या. केसांपासून पायांच्या नखांपर्यंत लाल झालेल्या. अंगावरून ओघळणारं पाणीही लाल. मी थर्मामीटर हातात घेऊन खुळ्यासारखी उभी राहिले. त्यातली एक तरणी बाई हसली. परभणीकडची होती, नवरा रबाळ्यालाच दुसऱ्या कारखान्यात कामाला.

"काय मोजताय ताई? मोजा की. लई कढत असतंय, गार मिसळून घेतो आमी."

मी पाणी मोजलं आणि विचारलं, रोज इथेच आंघोळ करता का. ती म्हणाली, हा रंग गार पाण्याने निघत नाही, उलटा पसरतो. तिचं लेकरू अंगावर पिणारं होतं. दिवसभर ते सासूजवळ असे, वरचं दूध काही घेत नसे, आणि पाळी सुटायच्या वेळी सासू त्याला गेटवर घेऊन येई.

"लेकरू गेटावरच तोंड लावतंय," ती म्हणाली. "दम कुठला त्याला? एक डाव नळी बंद व्हती, तशीच गेले. तोंड समदं लाल त्याचं. रातभर ओकत व्हतं."

"मालकांना सांगितलं नाही?"

"किती डाव म्हनलं, न्हाणी बांधून द्या. बघू म्हनतेत."

मला प्रोग्रॅम तोंडपाठ झाला होता. 'वाया जातं' हे उत्तर दिलं की तो हमखास सांगणार होता, हे पाणी बॉयलरमध्ये परत न्या. सल्ला चुकीचा नव्हता. तापलेलं पाणी गटारात सोडून गार पाणी नव्याने तापवणं हा शुद्ध मूर्खपणाच. पण नळी बॉयलरकडे वळली की पिंप कोरडं पडणार होतं, आणि ते आमच्या कागदामुळे.

मी तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"अच्छा? त्या पाण्यावर बायका आंघोळ करतात, हे आपल्याला तर माहीतच नाही," ते म्हणाले. "बघू या, मॅडम."

माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या भिंतीमागे तो कधी गेला नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपण बॉयलर विकतो, न्हाणीघरं नाही." मला राग यायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी आला तसा क्वचितच आला असेल. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. मी चपला काढल्या आणि एसीच्या खोलीत जाऊन बसले.

प्रोग्रॅमने एकेक प्रश्न विचारला, मी उत्तरं देत गेले. मग प्रश्न आला, वाफेखेरीज कारखान्याच्या कामाला गरम पाणी लागतं का? सहकाऱ्यांच्या कागदावर तिथे 'नाही' होतं. मी 'हो' टाइप केलं. किती, केव्हा, किती गरम, हे त्याने विचारलं, आणि मला ते ठाऊक होतं. थोडा वेळ यंत्र घुरघुरलं आणि उत्तर आलं. वाफेचं पाणी बॉयलरमध्ये परत न्यावं, त्यामुळे लहान बॉयलर पुरेल. आणि चिमणीतून फुकट जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर वेगळं पाणी तापवण्याचं यंत्र बसवावं, कामाच्या गरम पाण्यासाठी. बचत थोडी घटली, पण फार नाही. मी कारण विचारलं, त्याने कारणही दिलं. मला त्याला शाबासकी द्यावीशी वाटली.

साहेबांनी छापलेला कागद वाचला. "आंघोळ हे कारखान्याचं काम कधीपासून झालं?"

"त्यांच्या अंगावरचा रंग कारखान्याचाच आहे ना?" मी म्हटलं. "मग तो उतरवायचं काम कुणाचं? त्यांच्या सासवांचं?"

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "खाली सही तुम्ही करा. मालकांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या."

मालकांनी एकच गोष्ट विचारली. "हे कॉम्प्युटरने काढलंय?"

"हो."

"मग करून टाका."

त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला आनंद झाला होता आणि अपमानही वाटत होता. हीच गोष्ट याच माणसाला याच खुर्चीसमोर बसून मी मराठीत सांगितली होती. मशीनकडून आली तेव्हा ती खरी झाली.

नवा बॉयलर सुरू झाला त्या दिवशी मी मुद्दाम पाळी सुटेपर्यंत थांबले. आडोसा होता तसाच होता, पत्रेसुद्धा तेच, पण पिंपावर आता गरम पाण्याचा नळ होता. परभणीची बाई न्हाऊन बाहेर आली, गेटवर सासूकडून लेकरू घेतलं आणि कट्ट्यावर बसून पदराखाली घेतलं. मीही शेजारी टेकले.

"शेठ कसे काय तयार झाले, ताई?"

मी तिला यंत्राचं सांगितलं. ते प्रश्न कसे विचारतं, आपण उत्तरं कशी द्यायची, मग ते कागद कसा काढून देतं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"आमी म्हनलं तर बघू. तुमी म्हनलं तर बघू. अन् त्या डब्यानं म्हनलं की झालं?"

"झालं."

"मंग त्याला पाळणाघराचं बी सांगा की. लेकरू दिसभर भुकेलं राहतंय."

मी म्हटलं, तसं सांगता येत नाही. ते विचारतं तेवढ्याचंच उत्तर देता येतं, आणि पाळणाघराचं ते विचारत नाही.

तिने लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि त्याचं तोंड पुसलं.

"तरी बरंच म्हनायचं," ती म्हणाली. "त्यानं पाण्याचं तरी इचारलं. शेठनं आमाला आजवर काईच इचारलं न्हाई."