काकांची म्हैस आणि माझा कायदा

मी नागपूरला कायदा शिकायला गेलो तेव्हा साखरखेर्ड्याला आमच्या घरी एक दुभती म्हैस होती.

तिचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद, शेपटीला पांढरा गोंडा आणि स्वभाव थेट आमच्या काकूसारखा. म्हणजे मायाळू, पण ऐकायचं कोणाचंच नाही! काकू तिला हाताने चारा भरवायची. नारायणकाका शेत बघायचे, म्हैस बघायचे आणि उरलेल्या वेळात बशीरमियाँशी पत्ते खेळायचे. बशीरमियाँचा कापसाचा व्यापार होता आणि गावाबाहेर ओढ्यालगत छोटासा मळा होता. माझे वडील, म्हणजे दादा, शाळेचे हेडमास्तर. त्यांना पत्त्यांचा तिटकारा होता. त्यांचा सगळा जीव माझ्या शिक्षणात. मुलगा एक तर मुन्सफ होणार, नाही तर सरकारी वकील, आणि अगदीच काही जमलं नाही तर सागरला जाऊन फौजदारकीचं शिक्षण घेणार, असं त्यांनी सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. (बाजाराने विचारलं नव्हतं.)

नागपूरला आम्हाला फौजदारी कायदा शिकवायला एक वृद्ध बॅरिस्टर येत. डोळे मिटून शिकवत. "सिद्ध करायचं ते सरकारने," ते म्हणत, "आरोपीने नुसतं उभं राहायचं. तोंड उघडलं की मेला!" आठवड्यातून एकदा वर्गात खोटं कोर्ट भरायचं. त्यात मी कायम आरोपीचा वकील. त्या एका वर्षात मी वर्गातले तमाम दरोडेखोर निर्दोष सोडवले. एका विषप्रयोग करणाऱ्या बाईला तर मी अशी सोडवली, की तिचं काम करणाऱ्या मित्रालाच शंका यायला लागली, आपण खरंच काही केलं होतं की नाही!

अशा तयारीचा मी दिवाळीच्या सुटीत घरी आलो, हिवतापाने पडलो आणि कॉलेज सुरू झालं तरी घरीच राहिलो. सगळं त्या हिवतापाने झालं. तापावरचं कोयनेल वेळेवर मिळालं असतं, तर आमची म्हैस वाचली असती!

झालं असं, की चंद्री पुन्हा एकदा बशीरमियाँच्या मळ्यात शिरली. मेथी साफ, कांद्याची पात साफ. एरवी बशीरमियाँ तिला दोन शिव्या आणि काकांना चार शिव्या देऊन गप्प बसत. पण आदल्या दिवशी पत्त्यांत काकांनी लबाडी केली होती म्हणे. मियाँचं डोकं भडकलं आणि त्यांनी चंद्रीला नेऊन कोंडवाड्यात घातलं.

सायंकाळी धार काढायची वेळ झाली. काकू भांडं घेऊन चंद्रीच्या रिकाम्या खुंट्यापाशी उभी.

"जा ना हो, घेऊन या तिले! पान्हा दाटला असन तिचा!"

काका गेले. कोंडवाड्याचा रखवालदार गणपत जेवायला गेला होता. काकांनी फाटकाचा अडसर सरकवला आणि म्हैस घरी आणली. दंड भरायचा असतो, पावती घ्यायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपली म्हैस, आपण आणली! दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठी चरत असताना गणपतने पाहिली, नोकरी जाईल या भीतीने तिला परत कोंडवाड्यात ढकललं आणि ठाण्यावर वर्दी दिली. आठवड्याभरात मेहकरच्या तहसीलदारांपुढे हजर राहण्याचं समन्स काकांच्या हातात पडलं.

काकांचा बेत साधा होता. "मी अन् बशीर जातो मेहकरले. साहेबाच्या पाया पडतो. चुकलं म्हंतो. काय दंड पडन तो भरतो, म्हैस घेतो, भजे खातो अन् वापस येतो."

बशीरमियाँचा राग तोवर उतरला होता. ते स्वतःच म्हणाले, "हाव! मीच सांगतो साहेबाले, माहंच डोकं फिरलं होतं म्हणून!"

बेत उत्तम होता. पण घोंगडं पांघरून मी खाटेवर बसलो होतो ना!

"काका," मी म्हणालो, "गुन्हा कबूल करायचा?"

"मंग? केला तर कबूल नाही करू?"

"केला असं कोणी पाहिलं?"

काकांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. दादा मात्र आनंदाने उठून उभे राहिले. "ऐकलंस नारायणा? घरात कायदा असताना आपण दुसऱ्याच्या पाया पडायचं? वसंता, तू उभा राहा कोर्टात!"

मी अजून वकील झालो नाही, मला उभं राहता येत नाही, हे मी दादांना समजावलं. ते क्षणभर हिरमुसले. मग म्हणाले, "तर मग यांना शिकव!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर कोर्ट भरायला लागलं. मी घोंगड्याचा झगा करून सरकारी वकील. झोपाळ्यावर दादा तहसीलदार. काका आरोपी.

"कोंडवाड्यातून नेलेली म्हैस तुमची?"

"हाव."

"काका! 'हाव' नाही! म्हणायचं, मला ठाऊक नाही."

"बे लेका, माह्या म्हशीबद्दल मले ठाऊक नाही? लोक हसतीन ना!"

"काळी म्हैस, कपाळावर चांद. अशा वऱ्हाडात किती असतील! हीच ती कशावरून? ते सरकारने सिद्ध करायचं."

काकांनी अंगणाकडे पाहिलं. "पन वसंता," ते हळूच म्हणाले, "ती मले वळखते ना."

"म्हशीची साक्ष कायद्याला चालत नाही!" मी गरजलो. दादांनी झोपाळ्यावरून टाळ्या वाजवल्या.

काकूला मी बचावाची साक्षीदार केलं. तिने एवढंच सांगायचं, की आमच्या घरी म्हैस नाही. (हे खोटंही नव्हतं. म्हैस कोंडवाड्यात होती!) काकू म्हणाली, "देवाची आण घेऊन असं बोलू?" मी म्हणालो, "तू फक्त विचारलं तेवढंच बोल." माझ्या या विनंतीचं काय झालं ते पुढे येईलच.

खटल्याच्या दिवशी मेहकरला तहसील कचेरीसमोर लिंबाखाली चंद्री बांधलेली होती. मुद्देमाल! हिवतापाने ती वाळल्यासारखी दिसत होती. नाही, हिवताप मला होता. तिला कोंडवाड्यातला कडबा मानवला नव्हता.

आत सगळं माझ्या शिकवणीबरहुकूम झालं. इतकं, की मला आजही त्याची भीती वाटते. गणपत साक्षीला उभा राहिला. काकांनी पाठ केलेले प्रश्न विचारले.

"कोंडवाड्यात म्हशी किती होत्या?"

"लय होत्या जी."

"काळ्या?"

"म्हशी काळ्याच राह्यतात जी."

"मंग हीच ती काहून?"

गणपतने डोकं खाजवलं. नेणाऱ्या माणसाची त्याने पाठ पाहिली होती, धोतर पाहिलं होतं. तहसीलदारांनी कचेरीभर नजर फिरवली. जो तो धोतरात!

मग बशीरमियाँ. तहसीलदारांनी विचारलं, "तुम्ही कोंडलेली ही म्हैस या नारायणरावाची आहे का?"

मियाँनी काकांकडे पाहिलं. काकांनी खाली पाहिलं. तीस वर्षांच्या पत्त्यांत मियाँनी मित्राचा डाव कधी उघडा केला नव्हता. ते म्हणाले, "साहेब, हा तर म्हंतो का नाही माही. मंग नसन. मळ्यात शिरली ती कोंडली म्या. तिले काही नाव नाही विचारलं."

शेवटी काकू. तिने आण घेतली आणि डोळे मिटून सांगितलं, "आमच्या घरी म्हैस नाही जी."

तिचा आवाज खिडकीतून बाहेर गेला. लिंबाखालून चंद्रीने असा हंबरडा फोडला, की कारकुनाच्या हातचा टाक पडला.

"ती का ओरडते?" तहसीलदारांनी विचारलं.

"भुकेली असन जी," काकू म्हणाली आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली.

"बाई, मग तुम्ही का रडता?"

"मुकं जनावर हाये जी. कोनाचंबी असो."

तहसीलदारांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. त्या माणसाला सगळं समजलं होतं, असं मला आता वाटतं. पण कायदा त्यालाही होता. पुरावा नाही. आरोपी निर्दोष!

बाहेर येताच दादांनी मला मिठी मारली. मी तिथेच, अंगात कणकण असताना, संशयाचा फायदा या विषयावर छोटंसं व्याख्यान दिलं. काका तेवढ्यात लिंबाकडे गेले आणि दावं सोडायला लागले.

"ओ, नारायणराव!" हवालदार धावत आला. "म्हैस कुठं नेता?"

"कुठं म्हंजे? माही..."

आणि काका थांबले. आम्ही सगळेच थांबलो. हवालदार म्हणाला, "तुमची नाही ना? आताच तर साहेबापुढं सांगितलं तुम्ही." मग त्याने आम्हाला हुकूम वाचून दाखवला. म्हशीला मालक नाही. नियमाप्रमाणे तिचा लिलाव करावा.

काका वळले. "थांबा. मी आत जातो अन् खरं सांगतो."

"काका, नका!" मी त्यांचा दंड धरला. "काकूने शपथ घेतली आहे! खोटी साक्ष, कलम एकशे त्र्याण्णव! सात वर्षं!"

काका काकूकडे बघत राहिले. मग त्यांनी दाव्याची गाठ परत मारली. नीट, घट्ट. वाटेत कोणी भजी खाल्ली नाहीत.

लिलाव आमच्याच गावच्या चावडीपुढे झाला. आम्ही गेलो. (जाऊ नका म्हणून मी सांगितलं होतं, पण माझं ऐकायची सवय तोवर घरच्यांनी सोडली होती.) बशीरमियाँनी काकांना सांगितलं, "मी घेतो अन् तुह्या दारी बांधतो. फिकर नको करू." बोलीला माणसं थोडी. मियाँची पहिली बोली लागली आणि कोणी पुढे येईना. तेवढ्यात हद्दीपलीकडच्या मोगलाईतून आलेल्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "दूध काय देते ही?"

बोली पुकारणारा शिपाई म्हणाला, "काय माहीत! वाळकी दिसते. असन शेरभर."

"शेरभर?" गर्दीतून काकूचा आवाज आला. "डोळे फुटले का तुहे? दोन्ही वेळा घागर भरते! अन् तूप असं रवाळ का पाह्यत राहावं!"

सगळी चावडी वळून बघायला लागली.

"तुमाले कसं माहीत, बाई?" शिपायाने विचारलं.

काकूने पदर तोंडावर ओढला. व्यापाऱ्याने मात्र बोली चढवली. मियाँनी चढवली. त्याने आणखी चढवली. मियाँचं तोंड पुन्हा उघडलं, आणि मला एकाएकी फौजदारी कायद्याचं एक अख्खं प्रकरण आठवलं. साक्षीदारानेच मुद्देमाल विकत घ्यायचा आणि सुटलेल्या आरोपीच्या दारात बांधायचा! मी मियाँच्या कानाशी लागलो. "मियाँ, हे कटात धरतील. तुम्हालाही आत घालतील."

मियाँचं उघडं तोंड तसंच राहिलं. त्यातून बोली काही बाहेर आली नाही. शिपायाने एक, दोन, तीन म्हटलं.

व्यापारी चंद्रीला घेऊन हद्दीकडे निघाला. ती पावलापावलाला मागे वळून आमच्या काकूकडे बघायची. काकूला हाक मारायची चोरी! काकांनी टोपी काढून हातात घेतली होती, मयताला काढतात तशी. चंद्री वळणाआड गेल्यावर ते माझ्यापाशी आले. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वसंता," ते म्हणाले, "बाकीचा कायदा कधी संपते तुहा?"

"आणखी एक वर्ष."

"आनखी एक वर्स," ते म्हणाले आणि घरी पोचताच त्यांनी आधी गोठ्यातल्या बैलजोडीकडे काळजीने पाहिलं.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा सुटीत घरी आलो, तेव्हा काकूने माझ्यापुढे कोरा चहा ठेवला. मियाँच्या घरून रोज काकांकडे लोटाभर दूध यायचं. काकांच्या चहात असायचं, दादांच्या चहात असायचं. माझा चहा काळा. मी एकदा विचारलंही. काकू म्हणाली, "आमच्या घरी म्हैस नाही जी." साक्ष चांगली पाठ झाली होती तिची!

नागपूरला मात्र मी ही केस, नावं बदलून, बॅरिस्टरांना सांगितली. त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच वर्गात डोळे उघडले. "उत्कृष्ट बचाव!" ते म्हणाले. परीक्षेत पुराव्याच्या कायद्यात मी पहिला आलो.

मुन्सफी मिळाली नाही. सरकारी वकिली मिळाली नाही. सागरला छाती मोजली, तीही कायद्यात बसली नाही. म्हणून मेहकरला एक खोली घेऊन मी पाटी लावली. पाटीवर बरेच दिवस चिमण्या बसल्या. मग एका दुपारी सुलतानपूरकडचा एक शेतकरी दारात उभा राहिला. त्याचा बैल कोंडवाड्यात होता. मी लगेच जाडजूड पुस्तक ओढलं.

"कोंडताना कोणी पाहिलं?" मी विचारलं.

त्याने घाईघाईने पुस्तकावर हात ठेवला. "तुमीच ना जी ते साखरखेर्ड्याचे?"

"हो," मी छाती फुगवून म्हणालो.

"मंग एक अर्ज लिहून द्या. चुकलं, माफी असावी, म्हणून. पन हात जोडतो साहेब, केस नका जिंकू. मले बैल पाह्यजे."

माझा पहिलाच अशील होता तो. मला इतका आनंद झाला, की आपला अपमान झाला आहे हे कळायला सायंकाळ झाली!