इंदुताईंचे सोवळे

एखाद्या घरी प्रश्न विचारून संपेपर्यंत इंदुताई खांबेटे त्या घरचे पाणी पीत नसत. मी त्यांना प्रथम पाहिले ते भातसानगरच्या वसाहतीत, धरणावरच्या एका अभियंत्याच्या क्वार्टरमध्ये. समोर चहाचा कप, चहावर धरलेली साय, आणि शेजारी अस्वस्थ झालेली घरची बाई.

"अहो, चहा गार होतोय."

"होऊ दे. आधी साबण."

त्या वर्षी त्या कपडे धुण्याच्या साबणाविषयी लोकांची मते गोळा करीत होत्या. फेस पुरेसा येतो का, हाताची सालटी निघतात का, वडीचा रंग कसा वाटतो. सगळी उत्तरे लिहून झाली, कागद पिशवीत गेले, तेव्हा कुठे त्यांनी तो गार, सायीचा चहा एका दमात संपवला आणि म्हणाल्या, "फक्कड झालाय. आणखी अर्धा कप मिळेल?" घरच्या बाईचा चेहरा उजळला. माझ्या मनात मात्र आले की ही बाई विक्षिप्त आहे.

इंदुताई मुरबाडला बाजारपेठेमागे दोन खोल्यांत एकट्या राहत. वय पन्नाशीपुढचे, बांधा काटक, बोलणे कोरडे. मुंबईच्या एका सर्वेक्षण संस्थेसाठी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके त्या पायाखाली घालत. मी समाजशास्त्राची पदवी घेऊन शहापूरला घरी बसले होते आणि अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटे. त्यांच्या हाताखाली कामाला गेले तेव्हा हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकले, म्हणजे त्या मला परत पाठवतील. त्यांनी ठेवून घेतले. "बोलक्या मुली स्वतःच उत्तरं देऊन मोकळ्या होतात," त्या म्हणाल्या. "तू गप्प बसशील. ते निम्मं काम आहे."

उरलेले निम्मे त्यांनी शिकवले. उत्तर ऐकताना मान डोलवायची नाही. 'वा' म्हणायचे नाही. आणि आधी पाणी प्यायचे नाही. "पाणी प्यालो की आपण पाहुणे. आणि आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? साबण भिकार आहे हे सांगायला जी बाई तयार असते, तिचा शब्द तुझ्या चहाबरोबर गिळला जातो." मग त्यांचे ठरलेले वाक्य येई: "मत दुधासारखं असतं. विचारणाऱ्याच्या भांड्याचा वास धरतं. आपण भांडं घासून न्यायचं." आणि वर हसून म्हणत, "हेच माझं सोवळं."

हा विनोद होता, हे त्यांच्या हाताखालच्या आम्हा मुलींना लगेच कळे. कारण दुसरे कोणतेही सोवळे त्यांनी पाळल्याचे मला आठवत नाही. काम संपले की त्या कोणाच्याही ओट्यावर बसून नाचणीची भाकरी सुकटीच्या चटणीशी खात आणि बोटे चाटत. त्यांच्या माहेरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले होते त्याला, असे म्हणतात, हेही एक कारण होते.

निवडणुका आल्या की मुरबाडच्या स्टँडवर जीपवाले त्यांना अडवत.

"ताई, तुमी गावोगाव फिरता. हवा कुनाची हाय, सांगा की."

"पश्चिमेची. जीपला ताडपत्री बांध."

मुंबईच्या कार्यालयाशी मात्र त्यांचे सदैव वाजे. त्यांच्याकडून आलेल्या कागदांत 'सांगता येत नाही' या रकान्यात खुणा फार असत. एकदा वरचे साहेब वैतागून म्हणाले, "ताई, तुमच्याच तालुक्यातल्या लोकांना मत कसं नाही?" ताई म्हणाल्या, "मत आहे. तुमच्या प्रश्नाविषयी नाही." साहेब हसले नाहीत. ताईंचा दोष असलाच तर हा होता. समोरच्याला आपले वागणे समजावून सांगण्याची त्यांना तिडीक होती. विचारणाऱ्याने स्वतःविषयी बोलूच नये, असा त्यांचा दंडक होता, आणि तो त्या संस्थेतही पाळत, लोकांच्या दारातही.

मग ते धरणाचे काम आले. टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी होती. तिथल्या ओढ्यावर लहानसे धरण बांधायचे घाटत होते. वाडीतली घरे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार, माणसांना सडकेलगत प्लॉट मिळणार. त्यापूर्वी वाडीची उठायला तयारी आहे की नाही, याची पाहणी आमच्या संस्थेकडे आली. पहिल्या फेरीला मुंबईची मुले जीपमधून आली. त्यांना वाडीत घेऊन गेला तो त्या भागातला पुढारी. सगळे त्याला भाऊ म्हणत. मातीकामाचे कंत्राट त्यालाच मिळणार, हे उघड गुपित होते. मुलांनी घरोघर कोरा चहा घेतला आणि विचारले, "तुमची हरकत नाही ना?" एकूण एक घर "हां" म्हणाले. एवढी सरसकट तयारी पाहून मुंबईचे कार्यालयच बिचकले आणि पुन्हा विचारायला इंदुताईंना पाठवण्यात आले. मी बरोबर होते.

दिवस कडक उन्हाळ्याचे होते. वाडीच्या बायका डोंगराखालच्या विहिरीवरून हंडे वाहून आणत. पहिलेच घर बुधीआजीचे. म्हातारी वाडीतली सगळ्यांत वडील. तिचा शब्द खाली पडत नसे. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिने तांब्या पुढे केला.

"पानी घे, बाय."

"नंतर, आजी."

म्हातारीचा हात तसाच राहिला. "का गो? आमच्या घरचा पानी चालत नाय?"

इंदुताई थकल्या होत्या. आम्हा मुलींशी हसत तशाच हसून त्या म्हणाल्या, "चालतं गं आजी. माझं सोवळं आहे, काम होईस्तोवर."

बुधीआजी हसली नाही. तिने तांब्या मागे घेतला आणि त्यावर फुलपात्र पालथे घातले. ताईंचे लक्ष तोवर कागदाकडे गेले होते. त्यांनी त्यांच्या त्या कोरड्या, समतोल आवाजात विचारले, "वाडी सोडून सडकेला राहायला जायची तुमची तयारी आहे का?"

"नाय."

काम संपले. एरवी या क्षणी ताई हक्काने पाणी मागत. त्या दिवशी त्यांची नजर हंड्याकडे गेली. पाणी तळाला गेले होते. "राहू दे आजी," त्या उठत म्हणाल्या, "पाणी तुम्हालाच पुरवा." आयुष्यभर पाळलेल्या नियमाचा दुसरा भाग त्यांनी दया येऊन मोडला. पुढच्या कोणत्याही घरी त्या पाणी प्यायल्या नाहीत. आमच्या आधी आमची वार्ता पोचत होती. प्रत्येक दारात आम्हाला तेच एकशब्दी उत्तर मिळाले, आणि दुपारनंतर तर कोणी पाणी पुढेही केले नाही. टोकावड्याच्या धाब्यावर उतरल्यावर ताई घटाघटा पाणी प्यायल्या. मी त्यांना इतके आनंदी क्वचितच पाहिले होते. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "नीट विचारलं की खरं बाहेर येतं."

पंधरवडा उलटला असेल. संस्थेकडे वाडीची तक्रार आली, खाली अंगठ्यांच्या रांगा. सर्वेक्षक बाईने सोवळ्याचे कारण सांगून आदिवासींच्या घरचे पाणी नाकारले, वाडीचा अपमान केला. साहेबांनी ताईंना मुंबईला बोलावून एकच प्रश्न विचारला, "सोवळं हा शब्द तुम्ही वापरलात का?" ताई म्हणाल्या, "हो." त्यांनी पुढे काही सांगावे असे मी बाहेर बसून मनात घोकत होते, पण त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीतली उत्तरे 'सर्वेक्षकाच्या वर्तनामुळे दूषित' ठरली. पहिली फेरी ग्राह्य धरण्यात आली. ताईंचे काम काढून घेण्यात आले.

कामाचे त्यांना वाईट वाटले असेल, पण वाडी जाणार याने त्या हादरल्या होत्या. "म्हातारी खरं सांगेल," असे म्हणत त्या मला घेऊन पुन्हा वर गेल्या. बुधीआजीने या खेपेला पाणी विचारले नाही. ताईंनी मागून घेतले आणि प्यायले. मग विचारले, "आजी, तुझा अपमान केला मी?"

म्हातारी खाली बघत राहिली. "भाऊ आलता. हितं भुईवं बसला. दोन तांबे पानी प्याला. मंग म्हनतो, त्या बायनी तुमाला कमी लेखला, नाय का? आता पानी पिल्याला मानूस. त्याला नाय कसा म्हनू?"

ताईंच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, समाधान उमटले. त्यांचा सिद्धांत खरा ठरत होता. "पण मला तू 'नाही' म्हणालीस ना, आजी? वाडी सोडणार नाही म्हणालीस. ते तर खरं होतं?"

"तुमाला व्हय?" बुधीआजीने मान वर केली. "तुमी पानी नाय घेतला. माजे मस्तकात राग गेला. त्या रागानी नाय म्हनला. सगली वाडी तशीच म्हनली."

मग ताईंनी फार हळू विचारले, "मग खरं काय?"

"खरा?" म्हातारी म्हणाली. "माजा जलम गेला हितं. पोर पुरलाय त्या आंब्याखाली. हां म्हना, नाय तर नाय म्हना, असा इचारतं का कोनी?"

परतताना एसटीत ताई खिडकीशी बसल्या होत्या. सरळगाव गेल्यावर एवढेच म्हणाल्या, "घासलेल्या भांड्यालाही वास असतो." त्यानंतर त्यांनी कोणाला काही विचारणे सोडले. शाळेतली नोकरी घ्यावी की नाही हे विचारायला मी गेले, तर त्यांनी मला मत दिले नाही आणि माझेही विचारले नाही. भाजीवालीला भाव न विचारता पैसे देत आणि ती परत करील तेवढे घेत. दोन पावसाळ्यांनंतर धरणात पाणी अडले. वाडी सडकेला आली. पत्र्याची घरे, समोर डांबर. आंबा बुडाला. बुधीआजी प्लॉटवर आली त्याच वर्षी गेली.

इंदुताई त्यानंतर पाच-सहा वर्षे जगल्या. मुरबाडच्या शाळेच्या सभागृहात शोकसभा भरली. अध्यक्षस्थानी भाऊ होता. तोवर तो पुष्कळ मोठा झाला होता. तो चांगले बोलला. मग कागद काढून त्याने शोकठराव वाचला. कैलासवासी इंदुताईंनी तालुक्याच्या विकासकामांत, विशेषतः टोकावड्याच्या धरणासाठी लोकमत अनुकूल करण्यात, मोलाचे सहकार्य केले. वाचून झाल्यावर त्याने आम्हाला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. सगळे उठले. खुर्च्यांचा आवाज थांबला. मीही मान खाली घालून उभी होते.

दोन मिनिटे झाली तेव्हा भाऊने खिशातून पेन काढले, उभ्या सभागृहावरून एकदा नजर फिरवली आणि कागदावर लिहीत लिहीत मोठ्याने म्हणाला, "ठराव एकमताने मंजूर."