अकरा बाटल्यांची बोली

"एक बाटली! गवंडीबुवांची एक बाटली! अरे, गाव हाय का मसणवटा? बोला की, पुढं कोण?"

हा आवाज लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा. त्याने घसा खाकरला की तिकडे विंचूरला निजलेली पोरं उठून बसत आणि स्टेशनात शिरणारी मालगाडी दचकून दोन डबे मागे सरके, असं लोक सांगत. लोक म्हणजे मुख्यतः मी. तर तो माणूस त्या दिवशी आमच्या मारुतीच्या पारावर उभा राहून कांदा नव्हे, रक्त पुकारत होता.

सभा आरोग्याची होती. ऐंशीच्या पुढची काही वर्षं असतील. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी ती भरवली होती आणि त्यामागे माझी वहिनी होती. वहिनीला आठवा महिना. बाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि दादाला विचारलं, "आत काय चुना लावलाय?" बाळंतपणात रक्त लागणार हे नक्की. दवाखान्यात रक्त साठवायची सोय नाही, नाशिकहून मागवेपर्यंत ती थांबेल याचा भरवसा नाही. तेव्हा जुळणारी माणसं गावातच हवीत, म्हणून सभा.

बाई तासभर बोलल्या. तेवढ्यात गावाने पोतंभर शेंगा फोडल्या. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, रक्त दिल्यावर नांगर धरता येतो का?"

"दुसऱ्या दिवशी खुशाल धरा."

"मंग आज कोण धरंल? तुम्ही?"

सभा इतकी हसली की पिंपळाची निम्मी पानं गळाली. उठलं मात्र कोणी नाही. तेव्हा सरपंचांना युक्ती सुचली. कांद्याच्या गावाला भाषणानं नाही, बोलीनं जाग येते! सभेला सहज आलेल्या पुकाऱ्याला त्यांनी वर चढवलं.

आणि खरंच, पहिल्याच हाकेला आमच्या आळीतला गवंडी उठला. बाईंनी तिथंच त्याच्या बोटाला सुई टोचली. गट वहिनीचाच! बाईंना इतकं हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, हा महिना दीड महिना गाव सोडू नका हं."

"नाय सोडत, बाई."

इथं सभा संपली असती तर बरं झालं असतं. पण लिलाव पुकारणाऱ्याला एका बोलीवर थांब म्हणणं म्हणजे वळूला वेशीपाशी थांब म्हणण्यासारखं. "एकवर कोण?" दोन झाल्या, तीन झाल्या. वरच्या आळीने पाच म्हटलं, खालच्या आळीने सात. मग आडतवाले शेठ लोडावरून न उठता म्हणाले, "अकरा."

बाई घाबरल्या. "अहो शेठ, एका माणसाची एकच बाटली घेतात!"

"बाई, माझ्याकडं हमालांना काय तोटा हाय?"

टाळ्या! "एकवार, दोनवार, तीनवार! शेठच्या नावानं सुटलं!" नारळ फुटला, हार पडला. दादाने घरी येऊन वहिनीला सांगितलं, तर ती चुलीपुढं बसून हसायला लागली. "अकरा बाटल्या? मी काय पाण्याची टाकी हाय का?"

बाजाराचा एक कायदा आमच्याकडे पोराला बाळगुटीतून पाजतात. बोली ज्याच्यावर सुटली, माल त्याचा. बाकीच्यांनी हात झटकायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचं. हा कायदा त्या सभेत कोणी बोलून दाखवला नाही. गरजच नव्हती.

महिन्याभराने एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. रक्त थांबेना. दादाचं रक्त जुळलं नाही, माझंही नाही. शेठ शब्दाला जागले, लगेच दोन हमाल जीपमध्ये घालून पाठवले. एकाचा गट वेगळा. दुसरा असा वाळलेला की बाईंनी त्याला काट्यावरून उतरवलं आणि त्यालाच टॉनिकची बाटली दिली.

मी गवंड्याच्या घरी पळालो. त्याची बायको भाकरी थापत होती.

"ते देवळ्याला गेले, भाऊजी. मोठं काम मिळालं."

"अहो, बाईंनी गाव सोडू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"पण ते शेठवर सुटलं नव्हं? हे म्हणले, आपली बोली तर पडली. आता मधी थांबून शेठचा अपमान कशाला करायचा?"

शेठची जीप घेऊन मी देवळ्याला गेलो. चांदवडच्या चढणीला ती जीप जमिनीला टेकलीच नाही. गवंडी परांचीवरून खाली उतरला, हात सिमेंटचे. काय ते ऐकलं आणि गाडीत बसल्या बसल्या त्याने बाही कोपराच्या वर गुंडाळली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरबाई बाकावर बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. गवंड्याची बाही तशीच वर राहिली. ती खाली कर, असं त्याला कोणीच सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत पुन्हा सभा ठरली. सरपंच खूश होते. "मागच्या साली अकरापर्यंत गेलं. औंदा पंधरा झालेच पायजेत." पुकाऱ्यालाही सांगून झालं होतं. सभेच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई मला घेऊन शेतावर आल्या. दादा बांधावर होता, लेक कडेवर.

बाई म्हणाल्या, "पारावर दोनच शब्द बोला. प्रत्येकाने आपली बाटली आपणच द्यायची, एवढंच. माझं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

दादाने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आज दुपारची लाईट हाय," तो म्हणाला. "गव्हाला पाणी भरायचंय."