वीरगळावरची बाई

शेवंती तांडेल आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. तिच्या वाडीच्या वेशीवर जुना वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यावरच्या आकृतीने तलवार उगारली आहे आणि तिच्या हातात कोपरापर्यंत काकणं आहेत. वाडीतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या तिला लढणारी आजी म्हणून फुलं वाहतात.

गेल्या वर्षी तिथे फलक लागला, 'अज्ञात वीरपुरुष'. शेवंती डोक्यावरच्या माशांच्या पाटीसकट फलक लावून घेणाऱ्या सरकारी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यो पुरुष कसो? दादल्यान काकणां घातलली तुम्ही खंय बघलास?"

"बाई, हातात तलवार आहे. काकणं ही कारागिराची चूक असेल," साहेब म्हणाले.

शेवंती भडकली. "तलवार बरोबर आणि काकणां तेवडी चुकली? बाई लढली ह्या लिवक तुमका लाज वाटता?"

साहेब गाडीत बसून निघून गेले. तिने त्यांच्या कचेरीत दोन अर्ज दिले, पण उत्तर आलं नाही. शेवटी तिने होडीचा लाल रंग आणला, भर दुपारी सगळ्यांदेखत 'पुरुष' खोडला आणि मोठ्या अक्षरांत 'बाई' लिहिलं. अजून कुणी ते पुसलेलं नाही.