लायसनवरची सोबतीण

मासा या प्राण्यावर माझा मनापासून राग आहे. आमच्या घरात तो कधी कुणी खाल्ला नाही, पण माझ्या तरुणपणातले सगळे रविवार मात्र त्याने खाल्ले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांवर फिरता फिरता एका साहेबाने त्यांच्या हातात गळाची काठी दिली आणि तिथून घराचं वाटोळं झालं, असं आई म्हणायची. अप्पा मासा पकडत, ओंजळीत धरून क्षणभर बघत आणि परत पाण्यात सोडून देत. तंजावरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली, सगळी आमच्यासारखीच मराठी, शाकाहारी घरं. खायचा नाही तर पकडायचा कशाला, आणि पकडला तर सोडायचा कशाला, हे काही गल्लीला शेवटपर्यंत उमगलं नाही. अप्पांची पिशवी दिसली की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या.

आई गेली, थोरली बहीण अक्का लग्न होऊन तिरुचीला गेली, आणि काचबिंदूने अप्पांचा एक डोळा पुरता अन् दुसरा अर्धा नेला. गळ तेवढा सुटला नाही. तिरुवैयारूच्या वाटेवर एक सरकारी तळं होतं. तिथे काठी टाकून बसायचं तर दरवर्षी लायसन काढावं लागे. त्या वर्षी कचेरीत अप्पा खुर्ची चाचपत बसले, तेव्हा कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "यांना एकट्याला पाण्याजवळ कसं बसू देणार? सोबतीला कोण?"

अप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता अंगठा खांद्यावरून मागे केला. "ही."

झालं! कारकुनाने लायसनवर माझं नाव लिहिलं. मला विचारलं कुणी? तुला रविवारी दुसरं काही काम आहे का बाई, एवढं तरी? छे!

मग दर रविवारी पहाटे उठून कणीक मळायची, त्यात हिंग घालायचा. माशांना म्हणे हिंगाचा वास आवडतो. आमच्या आमटीपेक्षा जास्त हिंग त्या मेल्यांच्या पोटात गेला असेल. दहीभाताचा डबा घ्यायचा, अप्पांचं कोपर धरून बसमध्ये चढायचं. गळाला दोरी मीच बांधायची, कारण त्यांना दिसत नसे. आणि मासा लागला की त्याच्या जबड्यातून गळ काढायचा तोही मीच. मी, जिला मासळीबाजारावरून जाताना मळमळतं! मग पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत बसायचं.

"बुडालं का गं?"

"नाही अप्पा."

"आता?"

"नाही हो अप्पा! बुडालं की सांगते ना!"

आजूबाजूला सगळं जग मोकळं होत होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला, गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा गेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून मद्रासला निघाल्या. मीही संध्याकाळी जाऊन कॉम्प्युटर शिकले आणि मद्रासच्या एका कंपनीने मला निवडलं. पोंगलनंतर रुजू व्हायचं होतं. मी घरात चकार शब्द काढला नाही. काढून उपयोग काय? अप्पांना सोडून मी जाणार कशी?

पोंगलला अक्का माहेरी आली. अप्पांना नवी दोरी हवी होती, पण अंगात कसर होती, म्हणून आम्ही बहिणीच गेलो. गळ-दोऱ्यांचं ते दुकान मला लहानपणापासून पाठ. तेव्हा तिथे तंबाखूच्या डब्यांत गळ असायचे, कोपऱ्यात वेळूच्या काठ्या. आता काचेच्या कपाटात परदेशी रिळं चमकत होती आणि रबराचे हिरवे बेडूक लटकत होते. दुकानदार तोच. त्याचं पोट तेवढं वर्षागणिक गल्ल्यावर आणखी टेकत होतं.

आमच्या बायकांची बाजारातली रीत अशी, की दुकानदाराशी तमिळमध्ये बोलायचं आणि आपसात मराठी. मराठी म्हणजे आमचा पडदाच. लबाड दिसतो, निम्म्यात माग, पोट बघ केवढं, सगळं त्याच्या तोंडावर बोलायचं.

"तुझा चेहरा का उतरलाय?" अक्काने विचारलं, आणि मी तिथेच फुटले.

"मद्रासला नोकरी लागलीय. नाही म्हणणार आहे. अप्पांना तळ्यावर कोण नेणार? अप्पा माशाला तरी पाण्यात सोडतात गं. मला कुणी सोडत नाही."

दुकानदार शिशाचे गोळे पुडीत बांधत होता.

पुढच्या रविवारी अप्पा म्हणाले, आधी दुकानात चल, दोरी रिळावर चढवून घेऊ. आम्ही जाऊन उभे राहिलो. दुकानदाराने रीळ हातात घेतलं आणि चक्क मराठीत बोलला. तीही आमच्यापेक्षा जुनी मराठी.

"लेकीस मद्रासला धाडा, अप्पा. नोकरी लागलीय तिला. तळ्यावर तुम्हास मी नेईन."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्याचे पूर्वज आमच्याच पूर्वजांबरोबर आले होते, मराठ्यांच्या फौजेचे तंबू शिवायला. मराठी म्हणजे फक्त आमच्या गल्लीची, हा आमचा तोरा. त्याच्या घरात काय बोलतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"माझ्या पोटाविषयी बरंच ऐकलं इतक्या वर्षांत," तो हसून म्हणाला. तोंडात तीळ भिजत नव्हता मेल्याच्या! असा संताप आला मला, आणि त्याहून जास्त लाज.

अप्पांनी दोरी चढवलेलं रीळ पिशवीत टाकलं. तळ्यावर त्यांनी एकदाही बूच बुडालं का म्हणून विचारलं नाही. मासा लागला, तेव्हा त्यांनी तो चाचपत स्वतःच सोडवला. गळ बोटात घुसला, रक्त आलं, तरी मला हात लावू दिला नाही.

"कधी रुजू व्हायचंय?"

"मी नाही म्हणणार आहे, अप्पा."

"मी ते विचारलं नाही."

लायसनची मुदत संपतच आली होती. आम्ही कचेरीत गेलो. कारकून तोच. "सोबतीला कोण?" त्याने सवयीने विचारलं. अप्पांचा अंगठा सवयीने वर उठला, खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हात हळूच खाली घेतला, टेबलावर ठेवला आणि दुकानदाराचं नाव सांगितलं.

इतकी वर्षं मी त्या कागदावरच्या माझ्या नावाला शिव्या घातल्या होत्या. ते तिथे नाही हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. अप्पांना ते दिसलं नसणार, पण ऐकू आलं असावं.

स्टेशनवर गाडी हलायच्या वेळी मी आमच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "येते अप्पा."

ते माझा आवाज जिथून आला तिकडे तोंड करून म्हणाले, "सावकाश ये. रविवारी यायलाच हवं असं नाही."