पांढरी खूण

घासलेल्या टायरचा वास आला की कापूरहोळच्या फाट्यावरचं मित्राचं गॅरेज आठवतं. आठवडाभर मी गाडीने भोरहून पुण्याला कामावर जायचो आणि सुट्टीला माळावरच्या हौशी शर्यतीत तीच पळवायचो. शर्यतीआधी मित्र सुतळी ताणून, माप घेत पुढची चाकं जराशी बाहेर फाकवायचा, म्हणजे गाडी वळणात झटकन घुसे. पण रोजच्या रस्त्यावर तशी ती टायर खाई, म्हणून नंतर पुन्हा सरळ करायची. चाकं वळवणाऱ्या रॉडवर, जिथे नट आवळायचा तिथे, त्याने रंगाच्या खुणा केल्या होत्या, रस्त्याची पांढरी, शर्यतीची लाल. मी कधी वाकून बघितलं नाही. तो "झालं" म्हणाला की निघायचो. वर्षभर जिची वाट पाहिली त्या शर्यतीत गाडी वळायलाच तयार नव्हती, सगळे पुढे गेले. उतरून बघितलं, तर नट पांढऱ्या खुणेवर. मित्र फडक्याला हात पुसत राहिला. "वैनी म्हनल्या, बेतानं पळू दे. म्या न्हाई कसं म्हननार?" शेजारी बायको डबा सोडत होती, तिने मान वर केली नाही. शर्यती मी तेव्हाच सोडल्या, गाडी तीच आहे. अजूनही कुठे निघताना ती आत बसून पट्टा लावते आणि मी वाकून खूण बघून येतो. काय बघतोस, असं तिने कधी विचारलं नाही.